प्राणवायूची मात्रा

घरांत तान्हें मूल आलें म्हणजे फडताळांतली सहाण बाहेर निघते. वेखंड, हळकुंड, जायफळ, मुरुडशेंग यांचे वेढे देतांना आजी मनांतल्या मनांत मोजीत असते. एकाचे दोन, दुसऱ्याचा अर्धा, जायफळाचा तर जपूनच. जिनसा सगळ्या घरगुती. तरी त्या किती द्यावयाच्या हें ठरलेलें असतें, आणि मुलाचें वय व प्रकृति पाहून तें बदलतही असतें. औषध म्हटलें कीं मात्रा आली, ही समजूत आपल्याकडे इतकी मुरलेली आहे कीं 'मात्रा' हें औषधाचेंच नांव होऊन बसलें आहे. असें असतां ज्या वायूच्या नांवांतच प्राण आहे, त्याची मात्रा नेमकी मोजून देण्याची सोपी युक्ति हातीं येण्यास वैद्यकाला पावणेदोनशें वर्षांहून अधिक काळ लागावा, ही नवल करण्यासारखीच गोष्ट आहे.

या विलंबाचें कारण मात्र सरळ आहे. प्राणवायु हा कोणालाही औषधासारखा वाटत नाहीं, मग विषासारखा कोठून वाटणार? हवेच्या शंभर भागांत २१ भाग तोच असतो. श्वास कोंडून काळानिळा पडलेला रोगी तो मिळतांच तांबूस होतो, त्याची तगमग थांबते, आणि उशाशीं बसलेल्या माणसांच्याही जिवांत जीव येतो. जो पदार्थ असा डोळ्यांदेखत गुण देतो त्याच्या अवगुणाकडे सहसा कोणाची नजर जात नाहीं.

आणि तरीही ज्यांनीं तो प्रथम हुंगला त्यांनाच त्याची पहिली शंका आली होती. १७७४ च्या ऑगस्टच्या पहिल्या तारखेस जोसेफ प्रीस्टले यांनीं इंग्लंडांत मोठ्या भिंगानें सूर्यकिरण एकवटून पाऱ्याचें तांबडें भस्म तापविलें आणि त्यांतून निघालेला वायु जमा केला. स्वीडनमध्यें शील यांना तो त्यापूर्वींच सांपडला होता, परंतु त्यांचें पुस्तक मागाहून छापून निघालें. प्रीस्टले यांनीं आधीं उंदरावर आणि मग स्वतःवर प्रयोग केला, तेव्हां छाती हलकी झाल्यासारखी वाटली. हा वायु कांहीं रोगांत उपयोगी पडेल असें त्यांनीं लिहिलें; पण त्याबरोबरच, मेणबत्ती जशी या वायूंत लवकर जळून संपते तसें निरोगी माणसाचें आयुष्यही त्यांत लवकर जळून जाईल कीं काय, अशी शंकाही नमूद करून ठेविली. पुढच्या लोकांनीं यांतला पहिला भाग तेवढा लक्षांत ठेविला.

ब्रिस्टल शहरीं टॉमस बेडोज यांनीं १७९९ मध्यें वायूंनीं रोग बरे करण्याची एक संस्थाच काढली. तिचीं उपकरणें वाफेच्या यंत्राबद्दल प्रसिद्ध असलेल्या जेम्स वॉट यांनीं तयार केलीं होतीं. वॉट यांची मुलगी १७९४ मध्यें क्षयानें गेली होती, हें ध्यानांत घेतलें म्हणजे एवढा मोठा यंत्रज्ञ पिशव्या आणि नळ्यांच्या नादीं कां लागला तें समजतें. पण क्षय वायूनें हटला नाहीं आणि संस्था हळूहळू सामान्य दवाखाना बनली. त्यानंतरचें जवळ जवळ शतक चाचपडण्यांत गेलें. रोग्याच्या नाकातोंडापुढें नरसाळें धरावें, त्यांतून थोडा वेळ प्राणवायु सोडावा, रोग्यास हुशारी वाटली कीं बंद करावा, असा प्रकार चाले. त्यांतला किती छातींत जाई आणि किती खोलींत उडून जाई, याचा हिशेब कोणी ठेवीत नसे.

हा हिशेब मांडावयास लाविला तो युद्धानें. १९१५ च्या एप्रिलच्या २२ तारखेस बेल्जममध्यें ईप्र शहराजवळ जर्मन सैन्यानें क्लोरीन वायु सोडला. ज्यांचीं फुप्फुसें त्यानें पोळलीं ते सैनिक कोरड्या जमिनीवर बुडाल्यासारखे मेले. त्यांच्यासाठीं जॉन स्कॉट हॉल्डेन यांनीं जें उपकरण सिद्ध केलें त्यांत प्रवाह कमीजास्त करण्याची सोय होती, आणि १९१७ मध्यें ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांत त्यांनीं ही चिकित्सा मोजूनमापून कशी करावी तें मांडलें. मधून मधून प्राणवायु देणें म्हणजे बुडत्या माणसाला मधून मधून पाण्यावर काढण्यासारखें आहे, ही उपमा त्यांच्याच नांवावर सांगितली जाते. नरसाळ्याच्या उपचाराचें याहून नेमकें वर्णन सांपडणें कठीण.

याच हॉल्डेन यांनीं १९०५ मध्यें जे. जी. प्रीस्टले यांच्यासह (आडनांव तेंच, माणूस निराळा) दाखवून दिलें होतें कीं, श्वास घेण्याची हांक मेंदूला मुख्यतः प्राणवायूच्या वाणीमुळें येत नसून रक्तांत सांचणाऱ्या कर्बाम्लवायूमुळें, म्हणजे कार्बन डायऑक्साइडमुळें येते. ही गोष्ट पुढें फार महत्त्वाची ठरावयाची होती; त्या वेळीं ती प्रयोगशाळेंतच राहिली.

महायुद्धानंतर साधनें झपाट्यानें सुधारलीं. न्यूयॉर्कमध्यें विल्यम स्टेडी यांनीं १९१९ मध्यें न्यूमोनियाच्या रोग्यांच्या धमनींतलें रक्त काढून त्यांतला प्राणवायु मोजला. त्याच शहरीं ॲल्व्हन बॅराक यांनीं बर्फानें गार ठेवलेला तंबू खाटेवर उभारला. १९३८ मध्यें अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमधून बूथबी, लव्हलेस आणि बुल्बुलियन या त्रयीचा मुखवटा निघाला. त्याच्या रबरी पिशवीमुळें रोग्यास जवळ जवळ निर्भेळ प्राणवायु देतां येऊं लागला. सिलिंडर स्वस्त झाले, रुग्णालयांच्या भिंतींतून नळ खेळले. वायूची चणचण संपली, आणि ती संपतांच त्याचा दुसरा चेहरा दिसूं लागला.

तो प्रथम दिसला पाळण्यांत. १९४२ मध्यें बॉस्टनचे नेत्रवैद्य थिओडोर टेरी यांनीं अपुऱ्या दिवसांच्या कांहीं मुलांत एक चमत्कारिक आंधळेपणा पाहिला. डोळ्याच्या भिंगामागें पांढुरका पडदा धरे आणि दृष्टि कायमची जाई. पुढच्या दहा वर्षांत हा रोग फैलावला, आणि तोही गरीब सुतिकागृहांपेक्षां सुसज्ज रुग्णालयांतच अधिक. दुधाला, जीवनसत्त्वांना, उजेडाला, लोहाला, ज्याला त्याला दोष देऊन झाला. पहिला नेमका संशय १९५१ मध्यें मेलबर्नच्या केट कॅम्बेल यांनीं घेतला: या मुलांना काचेच्या पेटींत ठेवून सढळ हातानें जो प्राणवायु दिला जातो तोच याचें कारण नसेल ना? वॉशिंग्टनमध्यें आर्नल पॅट्झ यांनीं कांहीं मुलांना कमी प्राणवायु देऊन पाहण्याचें ठरविलें, तेव्हां कांहीं परिचारिका रात्रीं गुपचूप चावी वाढवीत असें सांगतात. त्यांना कोण नांवें ठेवील? निळें पडलेलें मूल समोर असतां हात आवरणें हें माणसाचें काम नव्हे. १९५३ व ५४ मध्यें अमेरिकेंतील १८ रुग्णालयांनीं मिळून परीक्षा घेतली तेव्हां संशय खरा ठरला. वाढत्या वयांतल्या त्या कोवळ्या रक्तवाहिन्या जादा प्राणवायूंत आंखडतात, आणि पुढें साध्या हवेंत येतांच वेड्यावांकड्या वाढून डोळ्याचा नाश करतात. तोंपर्यंत जगांत सुमारें दहा हजार मुलें आंधळीं झालीं होतीं.

मग लंबक दुसऱ्या टोंकास गेला. शेंकडा ४० च्या वर प्राणवायु द्यावयाचा नाहीं असा दंडक पडला. आंधळेपणा हटला, पण श्वासाअभावीं दगावणारीं मुलें कोणत्या खात्यांत मांडावयाचीं? १९७३ मध्यें इंग्लंडचे केनेथ क्रॉस यांनीं तें खातें उघडून पाहिलें. त्यांच्या अंदाजानें, एका मुलाची दृष्टि वांचविण्यासाठीं सुमारें सोळा मुलांचे प्राण गेले असावेत. २०१० मध्यें प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकन परीक्षेंतही तोच पेंच दिसला. रक्तांतील प्राणवायूचें प्रमाण शेंकडा ८५ ते ८९ ठेवलें तर डोळे अधिक वांचतात, ९१ ते ९५ ठेवलें तर जीव अधिक वांचतात. वाट अरुंद, आणि दोहों बाजूंस दरी.

दुसरा अनुभव मोठ्या माणसांचा. कोळशाच्या शेगड्यांवर आणि कारखान्यांवर जगणाऱ्या त्या काळच्या इंग्लंडांत जुनाट खोकला आणि दम हा घरोघरचा रोग होता. १९५२ च्या डिसेंबरांत ५ पासून ९ तारखेपर्यंत लंडनवर धुराचें दाट धुकें बसलें आणि त्यानें सरकारी गणनेप्रमाणें सुमारें चार हजार माणसें नेलीं. मागाहून झालेले अंदाज बारा हजारांपर्यंत जातात. अशा हिवाळ्यांत रुग्णालयांत येणारा रोगी ठराविक असे: पन्नाशी साठीचा, ओंठ निळे, घोटे सुजलेले, खाटेच्या कडेला हात टेकून श्वासासाठीं झगडणारा. त्याला मुखवटा लावीत. अर्ध्या तासांत ओंठ तांबूस होत, धडपड थांबे, त्याला झोंप लागे. आप्तांस बरें वाटे. पण ती झोंप गाढ होत जाई, आणि कित्येकदां पहांटे तो उठतच नसे.

बॅराक यांच्यासारख्यांनीं हा धोका १९३० नंतरच्या दशकांतच हेरला होता. त्याचें स्पष्टीकरण हॉल्डेन यांच्या सिद्धांतावरून करण्यांत येई. निरोगी माणसांत कर्बाम्लवायु सांचला कीं श्वास वाढतो. पण ज्याच्या रक्तांत तो वर्षानुवर्षें तुंबलेला आहे त्याचा मेंदू त्या हांकेला सरावतो, आणि प्राणवायूची वाण हीच त्याला जागें ठेवणारी शेवटची हांक उरते. ती वाण एकदम पुरी केली कीं हांक थांबते. पुढच्या मोजमापांनीं हें स्पष्टीकरण अपुरें ठरविलें. फुप्फुसाचा जो भाग बिघडलेला असतो तिकडचें रक्त शरीर आपण होऊन आवरतें आणि चांगल्या भागाकडे वळवितें. जादा प्राणवायु ही व्यवस्था मोडतो. शिवाय प्राणवायूनें भरलेलें रक्त कर्बाम्लवायु कमी वाहूं शकतें, आणि हा गुणधर्मही १९१४ मध्यें हॉल्डेन व त्यांच्या सहकाऱ्यांनींच दाखविलेला. कारण कोणतेंही धरा, परिणाम एकच: रोगी गुलाबी दिसतो आणि आंतून विषानें भरत जातो.

हें विष मोजण्याचें साधन मात्र खाटेजवळ नव्हतें. १९५२ च्या उन्हाळ्यांत कोपनहेगनला पोलिओची भयंकर सांथ आली, तेव्हां श्वासाचे स्नायु लुळे पडलेले रोगी प्राणवायु मिळूनही मरत आणि त्याचा उलगडा होत नसे. ब्यॉर्न इब्सेन यांनीं ओळखलें कीं हा कर्बाम्लवायु तुंबल्याचा प्रकार आहे. त्यांनीं गळ्याशीं छिद्र पाडून नळी घातली आणि विद्यार्थ्यांकडून पाळीपाळीनें हातानें पिशवी दाबवून रोग्यांचा श्वास चालू ठेविला. त्या सांथीनंतर रक्तांतील वायु मोजण्याचीं साधनें झपाट्यानें निघालीं. आतां रोग दिसत होता. औषध तोलून देण्याची युक्ति तेवढी बाकी होती.

ती १९६० मध्यें मोरान कॅम्बेल या लंडनच्या वैद्यानें 'लॅन्सेट' मध्यें प्रसिद्ध केली. मेलबर्नच्या केट कॅम्बेल निराळ्या, हें सांगावयास नकोच. कॅम्बेल यांचा युक्तिवाद हिशेबी होता. रक्तांत प्राणवायु भरण्याची रीत सरळ रेषेची नसते. धमनींतील प्राणवायूचा दाब पाऱ्याच्या ४० मिलिमीटरांवरून ६० वर नेला तर रक्ताची भरती शेंकडा ७५ वरून ९० वर जाते. पण ६० वरून १०० वर नेला तर ती अवघी सात टक्क्यांनीं वाढते. म्हणजे पहिले वीस मिलिमीटर लाखमोलाचे आणि पुढचे चाळीस जवळ जवळ फुकट. बुडणाऱ्या रोग्यास हवा आहे तो पहिलाच घांस. आणि तेवढ्यासाठीं श्वासांतील प्राणवायु शेंकडा २१ वरून २४ किंवा २८ वर नेणें पुष्कळदां पुरेसें असतें. घात होतो तो पुढच्या चाळिसांनीं.

पण २४ म्हणजे २४ च द्यावयाचे कसे? नाकाच्या नळीनें मिनिटास दोन लिटर प्राणवायु सोडला तर रोग्यास किती टक्के मिळतो, याचें उत्तर रोग्याच्या श्वासावर अवलंबून असतें. श्वास ओढतांना तो मिनिटास ४० लिटरांच्या वेगानें हवा घेत असेल तर त्यांत हे दोन लिटर मिसळून प्रमाण शेंकडा २५ च्या आसपास येतें. वेग २० लिटर असेल तर २९. तो गुंगींत जाऊन १० वर आला तर ३७. चावीला कोणी हात लाविला नाहीं, तरी जो सर्वांत धोक्यांत आहे त्याच्याच वांट्यास सर्वांत मोठी मात्रा येते, आणि ती त्याला आणखी गुंगींत लोटते. परिचारिका कितीही दक्ष असली तरी तिच्या वहींत 'दोन लिटर' एवढेंच लिहिलेलें राहणार.

कॅम्बेल यांनीं हा प्रश्न मिश्रणाच्या गणितानें सोडविला. दोन भावांचे तांदूळ मिसळून मधल्या भावाचे करण्याचीं उदाहरणें जुन्या अंकगणितांत असत. हें त्याच जातीचें. हवा २१ ची, सिलिंडरांतला वायु १०० चा, मिश्रण हवें २४ चें. हवेची तूट ३, वायूचें आधिक्य ७६. म्हणून एक भाग वायूस सुमारें पंचवीस भाग हवा. मिश्रण २८ चें हवें असेल तर तूट ७, आधिक्य ७२, म्हणजे एकास दहा. हें मिसळण्याचें काम त्यांनीं एका बारीक छिद्रावर सोंपविलें. पूर्वीं घरोघर पेटणाऱ्या पंपाच्या स्टोव्हमध्यें निपलमधून जोरानें निघणारी वाफेची धार जशी भोंवतालची हवा आपणहून ओढून घेई, तशी या मुखवट्याच्या देंठांत प्राणवायूची धार बाजूच्या खिडक्यांतून हवा ओढते. किती ओढावयाची हें छिद्राच्या व खिडक्यांच्या मापानें ठरतें. दोन लिटर प्राणवायु आंत शिरला कीं मुखवट्यांत मिनिटास बावन्न लिटर मिश्रण येतें. तें रोग्याच्या ओढीहून जास्त असल्यामुळें तो धापा टाको वा मंद श्वास घेवो, त्याच्या वांट्यास शेंकडा २४ च येतात. या मुखवट्याला व्हेन्टुरी या जुन्या इटालियन शास्त्रज्ञाचें नांव पडलें. काम मात्र खरें पाहतां त्या धारेच्या ओढीचें आहे.

मुखवटा एकदां लाविल्यावर मधून मधून काढूं नये, हेंही कॅम्बेल यांनीं बजाविलें. कर्बाम्लवायु तुंबलेला असतांना प्राणवायु एकाएकीं तोडला तर फुप्फुसांत त्याची जागा तो तुंबलेला वायुच अडवितो, आणि रोगी पहिल्याहूनही खालीं जातो. हॉल्डेन यांचा बुडता माणूस येथें पुन्हां आठवतो.

इतकें होऊनही रुग्णवाहिकेंत आणि घाईच्या खोलींत 'भरपूर द्या' हाच नेम पुष्कळ वर्षें टिकला. टास्मानियांतील ऑस्टिन व सहकारी यांनीं २०१० मध्यें जाहीर केलेली परीक्षा त्यासाठीं फार मोलाची. दम लागलेल्या ४०५ रोग्यांपैकीं कांहींना रुग्णवाहिकेंतच रक्ताचें प्रमाण ८८ ते ९२ राहील इतकाच मोजून प्राणवायु दिला, बाकीच्यांना रिवाजाप्रमाणें सढळ. सढळ हाताच्या बाजूस शेंकडा ९ दगावले, मोजून दिलेल्यांत ४. त्यापूर्वीं, २००८ मध्येंच, ब्रिटनच्या छातीरोगतज्ज्ञांच्या संस्थेनें प्राणवायु किती लिटर द्यावा यापेक्षां रक्तांतलें प्रमाण किती ठेवावें हें लिहून देण्याचा पाठ घातला होता: बहुतेक रोग्यांस ९४ ते ९८, कर्बाम्लवायु तुंबण्याचा धोका असलेल्यांस ८८ ते ९२.

मोजणें म्हणजे केवळ कमी देणें मात्र नव्हे. जुनाट रोगानें ज्यांचें रक्त सदैव उणें असतें अशा ८७ रोग्यांची ब्रिटनमध्यें १९८१ सालीं प्रसिद्ध झालेली परीक्षा उलट दिशेची आहे. घरीं रोज निदान पंधरा तास प्राणवायु घेणाऱ्या ४२ जणांपैकीं पांच वर्षांत १९ गेले. न घेणाऱ्या ४५ पैकीं ३०. येथें मात्रा लिटरांची नसून तासांची आहे, आणि ती चुकविली तर गुण येत नाहीं.

बोटाला चिमटा लावून रक्तांतलें प्रमाण सांगणारें यंत्र जपानच्या ताकुओ आओयागी यांच्या १९७४ च्या शोधांतून निघालें. २०२०-२१ च्या सांथींत तें महाराष्ट्रांतही घरोघर पोंचलें आणि देवघरांतल्या दिव्याप्रमाणें दोन वेळां पाहिलें जाऊं लागलें. त्याच्या दोन उणीवा मात्र फारशा कोणी सांगितल्या नाहींत. एक, तें प्राणवायु मोजतें, कर्बाम्लवायु नव्हे. चिमट्यावर ९९ दिसत असतां जुना दमेकरी गुंगींत जाऊं शकतो. दुसरी, सांवळ्या कातडीवर तें कधीं कधीं आहे त्यापेक्षां अधिक आंकडा दाखवितें. अमेरिकेंत २०२० मध्यें प्रसिद्ध झालेल्या पाहणींत अशी फसगत कृष्णवर्णीय रोग्यांत गोऱ्यांच्या सुमारें तिप्पट आढळली.

त्याच सांथींत मात्रेचा हिशेब एका रोग्यापुरता राहिला नाहीं. १९ एप्रिल २०२१ रोजीं कळंबोलीहून रिकामे टँकर घेऊन आगगाडी प्राणवायूसाठीं विशाखापट्टणमकडे निघाली. दोनच दिवसांनीं नाशिकला एका रुग्णालयाच्या टाकींतून वायु गळाला, दाब उतरला, आणि वीसांहून अधिक रोगी गेले. त्या महिन्यांत निघालेल्या अखिल भारतीय सूचनांत प्रमाण ९२ ते ९६ ठेवावें, जुनाट श्वासरोग असलेल्यांत ८८ ते ९२ ठेवावें, असें सांगितलें होतें. मोठ्या सिलिंडरांत सुमारें सात हजार लिटर वायु मावतो. मिनिटास पंधरा लिटर सोडला तर तो आठ तासांच्या आंत संपतो, पांच सोडला तर तेवीस तास पुरतो, दोन सोडला तर अठ्ठावन्न. ज्या रोग्याचें भागण्यास दोन पुरे होते त्याची चावी पंधरावर राहिली, तर तेरा लिटर शेजारच्या खाटेचे होते.

कॅम्बेल यांच्या मुखवट्याचे देंठ आज प्लॅस्टिकचे आणि रंगीत असतात. ब्रिटनमध्यें निळा चोविसाचा, पांढरा अठ्ठाविसाचा. प्रत्येकावर दोन आंकडे उठविलेले असतात, मिनिटास किती लिटर सोडावयाचे आणि त्यानें शेंकडा किती मिळतील.